तीन नंबरची पट्टी

१ ऑक्टोबर, गुरुवार

ही वही कॉलेजची आहे. पहिली जर्नल मी सरांच्या टेबलासमोर उभी फाडली, तिच्या जागी ही घेतली होती. पहिल्या पानावर 'उद्देश' एवढंच लिहून झालं आणि मी कॉलेज सोडलं. तर उद्देश आज भरतो. रेडिओ.

झालं असं की आमच्या स्टेशनातले रेकॉर्डिस्ट काका गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले, सहा आठवडे. चार महिने मी त्यांच्या हाताखाली वायरी गुंडाळतोय. पण शनिवारचा 'चार ते पाच' कुणाच्या गुडघ्यासाठी थांबत नाही. तो थेट जातो. आजकालचे गाणारे-वाजवणारे येतात, स्टुडिओत बसून वाजवतात आणि मधे मधे बाई त्यांना बोलतं करतात. निवेदन बाईंचं आणि स्टेशनचा कारभारही बाईंचाच. त्यांनी मला बोलावून सांगितलं, सहा शनिवार काकांची खुर्ची तुझी. नीट सांभाळलीस तर कायमचा सहायक म्हणून तुझं नाव वर पाठवते. नाहीतर कॉलेज आहेच.

कॉलेज आहेच, हे माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत असतं. बाबांनी फेरप्रवेशाचा अर्ज माझ्या उशाशी ठेवलाय, उडू नये म्हणून वर नेलकटर. बोलत काही नाहीत. सर्किट माझं होतं, सर म्हणाले चोरलंस. फाडली जर्नल. पुन्हा म्हणाले तर पुन्हा फाडेन.

ताईला खुर्चीचं सांगितलं. ती औषधांच्या दुकानात असते, त्यामुळे कुठल्याही बातमीवर आधी माणसाची नाडी बघितल्यासारखं करते. म्हणाली, "तुझ्या हातात बटणं दिली? आता गावाचं काही खरं नाही."

३ ऑक्टोबर, शनिवार

पार पडलं.

दोन खोल्या, मधे मोठी काच. पलीकडे स्टुडिओ. भिंतींना करडा गालिचा, खिडकी नाही, आत गेलं की आपल्याच कानातलं रक्त ऐकू येतं. अलीकडे मी, समोर मिक्सर, आठ माइकांच्या आठ पट्ट्या. पट्टी वर सरकवली की तो माणूस जगात येतो, खाली ओढली की जातो. एवढी सत्ता मला आजवर कुणी दिली नव्हती.

आजचा पाहुणा बांधकामाच्या आवाजांवर गाणी करणारा. पाइप, फावडं आणि सळ्यांचा एक जुडगा घेऊन आला होता. बाईंनी त्याला तीन मोठे प्रश्न विचारले. त्याची उत्तरं अनुक्रमे हो, नाही आणि बघू. पण वाजवायला लागला तेव्हा असं वाटलं की एक अख्खी इमारत झोपेत कूस बदलतेय. पाच वाजता लाल दिवा विझला, बाई काचेतून बघून एकदाच मान हलवून गेल्या. जीव भांड्यात पडला.

१० ऑक्टोबर, शनिवार

कसं लिहू.

आज जोडी आली होती. ती गाते. तो चेलो वाजवतो, म्हणजे जमिनीवर टेकवून गुडघ्यांत धरायचं आणि बोने, म्हणजे गजाने वाजवायचं ते माणसाएवढं व्हायोलिन. तो उंच, मान पुढे काढून चालणारा. मी मनात त्याचं नाव उंट ठेवलं. तिचं काही ठेवता आलं नाही.

तिने आत येऊन आधी भिंतीवरच्या गालिच्याला हात लावून बघितला, कुत्र्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग माझ्याकडे वळून विचारलं, आम्ही कुठे बसायचं?

चेलोचा आवाज तिच्या माइकात घुसू नये म्हणून दोघांच्या मधे फळी लावावी लागते. पुरुषभर उंच, दोन्ही बाजूंनी गालिचा मारलेली. दोघंही काचेकडे तोंड करून शेजारी शेजारी, मधे फळी. काका असतात तर त्यांनी एक लावली असती. मी दोन लावल्या, एकीला लागून दुसरी. आवाज स्वच्छ यावा म्हणून. असंच मी त्यांना सांगितलं.

ती म्हणाली, "मग आम्हाला एकमेकांचं तोंड कसं दिसणार?"

मी म्हणालो, कान आहेत की. आगाऊपणा झाला. ती हसली, आणि मी उगाच फळी पुन्हा सरकवून बसवली.

कंट्रोल रूमचा दिवा चालू असला की काचेत माझंच थोबाड मधे मधे येतं. तिचं तोंड नीट दिसावं म्हणून कार्यक्रम सुरू होताना मी दिवा बंद केला. आणि काय सांगू, काच नाहीशीच झाली. ती माझ्यासमोर चार हातांवर, उजेडात, पाण्याच्या तळाशी बसल्यासारखी. गाणं एका जिन्याबद्दल होतं. 'जिन्याला ठाऊक असतं कोण थकून येतंय' अशी त्यातली ओळ. प्रत्येक ओळीआधी ती नजर उचलायची, काचेत बघायची, क्षणभर थांबायची आणि मग गायची. प्रत्येक ओळीआधी. थेट माझ्याकडे.

मी मोजलं. अकरा वेळा.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

आज बँकेत बाबांचं काम होतं म्हणून चालत गेलो. रस्त्यात वाटलं, या सगळ्याच्या पट्ट्या माझ्याकडे आहेत. बस खाली ओढली. रस्ता खोदणारं मशीन खाली. फोनवर भांडणारा माणूस आणि पलीकडचं कुणीतरी, दोघंही खाली. एक कुत्रं होतं, ते अर्ध्यावर ठेवलं. मग उरलं काहीच नाही, फक्त श्वास, ओळीच्या आधीचा. ती श्वास घेताना किंचित आवाज होतो, पान उलटल्यासारखा. माइकशिवाय तो कुणाला ऐकू येणार नाही. म्हणजे जगात मला एकट्यालाच ऐकू आला.

बँक मागे राहिली होती. परत यावं लागलं.

१७ ऑक्टोबर, शनिवार

ऐकणाऱ्यांचे इतके फोन आले की बाईंनी जोडीला दर शनिवारी बोलावलंय. पाहुणे बदलतील, पण सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं यांचं. म्हणजे आजचा धरून चार शनिवार.

एक नंबरची पट्टी बाईंची, दोनची तिची, तीनची चेलोची. पट्ट्यांखाली चिकटपट्टीवर नावं लिहायची असतात. दोनवर मी 'ती' एवढंच लिहिलंय.

आज एक केलं. चेलो जरा खाली घेतला. अगदी जरासा, भाजीत मीठ हात राखून टाकावं तसा. तिचा आवाज मऊ आहे, तो दबू नये. हे काम सौंदर्यदृष्टीचं आहे, त्यात वैयक्तिक काही नाही.

उंटाने मध्यंतराच्या बातम्यांत तिच्या थर्मासमधून कपात चहा ओतून मला दारातून दिला. मी प्यालो नाही. थंड झाल्यावर बेसिनमध्ये ओतला.

१८ ऑक्टोबर, रविवार

ताई म्हणाली, तुमचं गाणं लागलं तेव्हा दुकानात तीन गिऱ्हाइकं औषध घेऊनही थांबून राहिली. एका आजोबांनी खोकला दाबून धरला होता. मी विचारलं, आणि आवाज कसा वाटला? ती म्हणाली, पोरगी फारच छान गाते, पण मागे कुणी कपाट सरकवत होतं का?

मी म्हणालो, तो चेलो आहे.

"मग बिचाऱ्याला आत तरी घ्यायचं. जिन्यात बसवलाय काय?"

ताईला संगीतातलं काही कळत नाही.

२४ ऑक्टोबर, शनिवार

आज बाईंनी मुलाखतीत तिला विचारलं, बहुतेक गाणारे डोळे मिटून गातात, तुम्ही उघडे ठेवता, ते का? ती जरा थांबली. हवेवरचं थांबणं मला आता ओळखता येतं. खरं बोलणारे थांबतात.

म्हणाली, "मिटले तर चुकते मी. समोर बघितलं की धीर येतो."

समोर. तिच्यासमोर काच आहे आणि काचेमागे मी. माझी तर्जनी तिच्या पट्टीवर होती, ती आपोआप केसभर वर गेली.

नंतर वायरी गुंडाळत होतो तेव्हा उंट जवळ आला. खाली बसला, म्हणजे उंटासारखाच, टप्प्याटप्प्याने. म्हणाला, मी घरी रेकॉर्डिंग ऐकलं. माझा चेलो फार लांब ऐकू येतो, दुसऱ्या खोलीत असल्यासारखा. मी बो कमी दाबतोय का? तुला काय वाटतं मित्रा, तुझा कान तयार आहे.

मी म्हणालो, खोलीचा दोष असेल. गालिचा खालचे सूर पितो.

त्याने मान हलवली आणि म्हणाला की तो अजून जोर लावून बघेल. जाताना गालिच्याकडे असं बघत गेला, जणू त्याची माफी मागायचीय.

तीनची पट्टी आज निम्म्याहून खाली होती. ही नोंद फक्त वहीसाठी.

२८ ऑक्टोबर, बुधवार

सुंठीवाचून खोकला गेला.

मुख्य केंद्राने आपले गेले दोन शनिवार ऐकले. त्यांची मोठी मैफल असते, सगळ्या केंद्रांवरून एकदम जाते. तिथे त्यांना ती हवीय. ती एकटी. साथीला त्यांचे स्वतःचे वादक देणार. बाईंनी कागद वाचून दाखवला. मुलीचा आवाज दुर्मिळ आहे, चेलोवादक मात्र कमकुवत, त्याचा भार तिने वाहू नये. सात नोव्हेंबरचा कार्यक्रम ते पुन्हा ऐकणार आणि त्यानंतर पक्कं करणार.

बाई म्हणाल्या, मला खरं तर तो चांगला वाटतो, पण मी स्टुडिओत बसून ऐकते, हवेवर काय जातं ते मला कुठे कळतं. स्वतःचा कार्यक्रम त्या कधीच ऐकत नाहीत. स्वतःचा आवाज ऐकला की दुसऱ्या दिवशी बोलता येत नाही म्हणतात.

मी म्हणालो, मुख्य केंद्राचं बरोबर आहे.

घरी येताना तरंगत आलो. डोळ्यांपुढे मोठा स्टुडिओ, ती उजेडात, मधे फळीबिळी काही नाही, आणि काचेमागे मीच. तिथेही कुणाला तरी रेकॉर्डिस्ट लागणारच.

३१ ऑक्टोबर, शनिवार

आज लिहायचं नव्हतं. पण निदान हातात काहीतरी धरलेलं बरं.

दोघं आली तीच अबोला धरून. बाईंकडून कळलं की तो तिला सांगतोय, तू एकटी जा, आणि ती सांगतेय, जाणार नाही. मग तो म्हणाला म्हणे, की माझ्यामुळे तुझं अडलेलं मला सहन होणार नाही, मी बाजूला होतो. चेलो विकायचं बोलला. तिने थर्मास आणला नव्हता.

पहिलं गाणं कसंतरी झालं. मग पाहुणी, गळ्यातून दोन सूर एकदम काढणारी बाई, तिच्याशी गप्पा. साडेचारच्या बातम्यांना पाच मिनिटं आम्ही हवेवर नसतो. तेवढ्यात तिच्या माइकचा स्टँड हळूहळू खाली झुकायला लागला, स्क्रू सैल झाला होता. मी दिवा न लावता तसाच धावत आत गेलो.

स्क्रू पिळला. मान वर केली.

समोर काच होती आणि काचेमागे काहीच नव्हतं. म्हणजे खुर्ची नव्हती, मिक्सर नव्हता, कंट्रोल रूमच नव्हती. आपण उजेडात आणि पलीकडे अंधार असल्यावर काचेचं काय होतं हे मी दुसऱ्या सेमिस्टरला शिकलोय, आकृतीला दहापैकी नऊ होते. आरसा होता तो. आरशात ती. तिच्या शेजारी मी वाकलेला, तोंड उघडं. मग माझ्या दोन फळ्या. आणि फळ्यांच्या पलीकडे तो, चेलोच्या मानेवर हनुवटी टेकून, आरशातून तिच्याकडे बघत.

आणि ती त्याच्याकडे. भांडण होतं, बोलणं बंद होतं, तरी ती आरशात त्याच्याकडे बघत होती. तिला आपण बघतोय हे तरी कळत होतं की नाही कोण जाणे.

अकरा वेळा. मी मोजलं होतं.

बाहेर येऊन खुर्चीत बसलो. शेवटच्या गाण्यात तीनची पट्टी कुठे होती मला आठवत नाही. खोटं. आठवतंय. तळाला होती.

१ नोव्हेंबर, रविवार

सकाळी आरशासमोर स्वतःला एक कानाखाली मारली. जोरात नव्हती. ताई दारात होती. म्हणाली, दुसऱ्या बाजूलाही मार, नाहीतर लग्न होत नाही म्हणतात. मी ओरडलो तिच्यावर. मग ती आत येऊन माझ्या पलंगावर बसली आणि बराच वेळ माझी चादर घडी करत राहिली. एकच चादर.

दुपारी स्टेशनवर गेलो. मनात होतं की त्या माणसात खरंच दम नाही हे एकदा सिद्ध करावं. काकांची पद्धत अशी की हवेवर काहीही जावो, प्रत्येक माइक वेगळाही नोंदवून ठेवायचा. मी चारही शनिवारचा तीन नंबर काढला. फक्त चेलो. हेडफोन लावले, दिवा बंद केला आणि ऐकत बसलो.

सांगता येणार नाही. सांगायचंय.

तो तिच्या आधी श्वास घेतो. ओळ संपत आली की चेलो खाली जातो, जसा कुणी पुढच्या पायरीवर उतरून हात वर करून उभा राहावा. दोन फळ्यांना न जुमानता तिचा आवाज त्याच्या माइकात आलाय, अगदी पुसट, भिंतीपलीकडे कुणी गात असावं तेवढा. तिथे ती वेगळीच आहे. माझ्या दोन नंबरच्या पट्टीवर ती छान गाते. त्याच्या माइकात ती बिनधास्त गाते. जिन्याच्या गाण्यात तो एक सूर जवळजवळ ओळभर धरून ठेवतो, आणि ती त्यावर झोपाळ्यावर बसावं तशी बसते. पहिल्या शनिवारनंतर तो सूर हवेवर गेलाच नाही. मी जाऊच दिला नाही. लोकांनी झोपाळ्याविना झोके घेणारी मुलगी ऐकली आणि म्हणाले, काय दुर्मिळ.

चौथ्या शनिवारी, त्याने जोर लावायचा ठरवल्यावर, बो तारेवर इतका दाबलाय की लाकूड कण्हतं. मग स्पष्ट ऐकू येतं, तो स्वतःशीच पुटपुटतो, "असं नाही, असं नाही."

हेडफोन काढून बाहेर आलो तेव्हा व्हरांड्यातलं ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलं होतं.

३ नोव्हेंबर, मंगळवार

बाईंना सांगायचं ठरवलं. दारापर्यंत जाऊन परत आलो. दोनदा.

४ नोव्हेंबर, बुधवार

सांगितलं.

बाई शनिवारच्या प्रश्नांचे कागद टाचत होत्या. मी सगळं एका दमात बोललो, फळ्या, दिवा, मीठ, सगळं. तिच्याबद्दलचं वगळणार होतो, तेही बाहेर पडलं. मग तीन नंबर लावून ऐकवला. त्यांनी तो उभ्यानेच ऐकला.

मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर मीही ओरडलो असतो आणि सोपं झालं असतं. त्यांनी विचारलं, तू जर्नल फाडलीस ती चोरीचा आळ घेतला म्हणून, बरोबर? मी हो म्हणालो.

"मग हे काय आहे?"

मी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिलो.

मग त्यांनी कामाचं सांगितलं. माझं नाव वर पाठवणार नाहीत. सातला दुसरा कुणी मिळणार नाही म्हणून तेवढा शनिवार मी बसायचं. मुख्य केंद्राला त्या फोन करून बघतील, पण आमच्याकडून चूक झाली असं प्रत्येक केंद्र म्हणतं, ते ऐकतील ते शनिवारीच. आणि त्याला हे मी सांगायचं. त्या सांगणार नाहीत.

५ नोव्हेंबर, गुरुवार

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्याची खोली आहे. खाली कुणीतरी चाक फिरवून बघत होतं, त्याची टिकटिक वरपर्यंत येत होती. तो एकटाच होता. डाव्या हाताच्या तीन बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या. दिवसाला सहा सहा तास रियाझ चाललाय म्हणाला. चेलो दोन कारागिरांना दाखवून आणला, त्यांना काही दोष सापडला नाही. म्हणजे दोष माझ्यातच आहे, असं तो अगदी सहज म्हणाला, मला पाणी देता देता.

मी ग्लास न घेता सांगून टाकलं. गेले तीन शनिवार मी तुझा आवाज खाली ओढत होतो. मुद्दाम.

त्याने ग्लास खाली ठेवला. मग त्याने विचारलं, "म्हणजे वाद्य ठीक आहे?"

मी हो म्हणालो.

"आणि मी?"

"तुम्ही पण." पहिल्यांदाच त्याला तुम्ही म्हणालो.

तो खाली बसला, या वेळी एकदम. चेहरा ओंजळीत. मला वाटलं रडतोय, पण तो नुसता श्वास घेत होता. मग मान वर केली तेव्हा मात्र चिडला होता. का केलंस ते त्याने विचारलं नाही. माझ्याकडे बघून त्याला बहुतेक दिसलंच. एवढंच म्हणाला की मी आत्ता इथून जावं, आणि शनिवारी त्याला तिच्याकडे तोंड करून बसायचंय.

मी म्हणालो, मग फळ्या काढाव्या लागतील. दोघांचे आवाज एकमेकांत मिसळतील. एकदा मिसळले की वेगळे करता येत नाहीत, तुमचं काही कमी-जास्त करायचं म्हटलं तर मला हातच घालता येणार नाही.

"मिसळू दे," तो म्हणाला.

जिन्यात ती भेटली. वर येत होती, हातात थर्मास. मला बघून हसली आणि विचारलं, तू इथे कसा? मी म्हणालो, शनिवारचं जरा काम होतं. तिने विचारलं, दमलास का रे, चेहरा बघ. मी कठड्याला चिकटून तिला वाट दिली. जाताना तिचा श्वास ऐकू आला. माइकशिवायही येतो.

७ नोव्हेंबर, शनिवार

झालं. आधी निकाल लिहितो, म्हणजे बाकीचं सावकाश लिहिता येईल.

सव्वापाचला मुख्य केंद्राचा फोन आला. बाईंनी तो माझ्यासमोरच घेतला. ते विचारत होते, हा माणूस आतापर्यंत कुठे होता? बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, इथेच होता. दोघांनाही बोलावलंय. ते ऐकल्यावर ती बाईंच्या गळ्यात पडली आणि तो उभ्या उभ्या चेलो पुसत राहिला, आधीच पुसलेला. त्याने तिला माझं सांगितलेलं दिसत नाही. सांगेल कधीतरी. निघताना त्याने माझ्यापुढे हात केला नाही. मीही केला नाही.

सोमवारपासून मी नसेन. किल्ली बाईंच्या टेबलावर ठेवली. काकांचे हेडफोन पुसून खुंटीला लावले. घरी सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला, मला वाटलं आता अर्जाचं काढतील. त्यांनी विचारलं की शेवटचं ते गाणं जिन्याचं होतं ना, आणि पुन्हा जेवायला लागले. म्हणजे ऐकतात. ताई म्हणाली, सगळेच्या सगळे शनिवार ऐकलेत त्यांनी, दुकानात येऊन, औषध घ्यायच्या निमित्ताने. घरात खोकल्याच्या सहा बाटल्या आहेत.

आता शेवटचं गाणं.

फळ्या मी दुपारीच बाहेर नेऊन ठेवल्या होत्या. दोन खुर्च्या समोरासमोर, गुडघ्यांमधे दोन वितींचं अंतर, आणि मधे एकच माइक. कुठे लावायचा ते कळेना तेव्हा मी जमिनीवर बसलो आणि त्यांना वाजवायला सांगितलं. जिथे दोघं सारखी ऐकू आली तिथे माझ्या कपाळाच्या उंचीवर तो बांधला. बोर्डावर त्यांची एकच पट्टी. दोन आणि तीन रिकाम्या.

तिने लाल दिव्याआधी एकदाही काचेकडे बघितलं नाही. नंतरही नाही. कंट्रोल रूमचा दिवा चालू होता, मला माझं तोंड दिसत होतं, त्यातून आरपार ती दोघं. मी पट्टी वर सरकवली आणि मग करायला काही उरलंच नाही. एका पट्टीत काय कमी करणार आणि काय जास्त. हात रिकामे झाले की ते कुठे ठेवायचे हा प्रश्न पडतो. आणि कान तर बंदच करता येत नाहीत. त्या दोघांमधे जे होतं ते सगळं, माझं कुठेही नाव नसलेलं, सरळ माझ्या कानांतून गावभर गेलं. इतकं सुंदर काम माझ्या हातून झालं नव्हतं, आणि मी काहीच केलं नव्हतं.

तिसऱ्या कडव्यात ती शब्द विसरली.

थेट कार्यक्रमात हे होतं. 'जिन्याला ठाऊक असतं' इथपर्यंत आली आणि पुढे काहीच नाही. डोळे मोठे झाले तिचे. माझा हात पट्टीकडे झेपावला, चूक झाकायला, आवाज उतरवायला, जे रेकॉर्डिस्ट करतो ते करायला. तेवढ्यात तो सूर आला, तो लांबचा, खालचा. त्याने तो धरला आणि सोडलाच नाही. बो संपत आला तेव्हा न तोडता उलटा फिरवला आणि पुन्हा धरला. तिच्याकडे बघत. घाई नाही, हाक नाही, नुसतं बघत. हवेवर चार सेकंद म्हणजे एक वर्ष. मुख्य केंद्र ऐकत होतं, ताईच्या दुकानात लोक ऐकत होते, बाईंनी टाचणी हातात घट्ट धरली होती.

मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसलो.

मग तिला शब्द सापडला.